महूला पशुवैद्यकी शिकता शिकता एम.पी.एच. जमतं का?

रामबागची_आई

नमस्कार मंडळी. लेक इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवर असते, शनिवारी धुण्याचं गाठोडं घेऊन घरी येते. माझ्या मावसबहिणीचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटाला डी.व्ही.एम. (तिकडची पशुवैद्यकीची पदवी) करतोय आणि त्याच्या जोडीलाच एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स. दोन्ही पदव्या एकदमच पदरात पडणार म्हणे. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर हे कळल्यापासून आमच्या बाईसाहेबांना दुसरं काही सुचत नाही. "आई, मला दवाखाना टाकायचा नाहीये, मला साथीच्या रोगांवर काम करायचंय." बाबा म्हणतात, आधी साडेपाच वर्षं पूर्ण कर. आजोबा अजून "गुरांची डॉक्टर" यातूनच सावरलेले नाहीत.

तर विचारायचं असं, की आपल्याकडे हे दोन्ही बरोबर करता येतं का? नसेल तर नंतर करावं का, कुठे करावं, आणि केल्यावर पुढे पोटापाण्याचं काय? इंदुरात विचारलं तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. कोणी म्हणतं इग्नूतून कर, कोणी म्हणतं सरळ एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकीतली मास्टर्स) कर आणि लग्न कर. (हा शेवटचा सल्ला माझ्या नणंदेचा.)

---

कास_तपासनीस

ताई, मी महूचाच. आता म.प्र. पशुपालन विभागात नोकरीला. सरळ उत्तर आधी देतो: बरोबर नाही करता येत.

कारण साधं आहे. एम.पी.एच.ला प्रवेश घ्यायचा तर हातात पदवी लागते. आपली बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही बारावीनंतरची पदवी, साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. ती पूर्ण होईपर्यंत तुमची मुलगी कागदोपत्री बारावी पास. अमेरिकेत पशुवैद्यकीला जाणारी बहुतेक पोरं आधीच चार वर्षांची बॅचलर्स करून आलेली असतात, म्हणून डी.व्ही.एम. चालू असतानाच त्यांना मास्टर्सचं दार उघडं असतं. तुमच्या भाच्याची हुशारी कमी लेखत नाहीये, पण त्या जोडपदवीचं गुपित एवढंच.

यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायची मुभा दिली हे खरं. त्यावरून व्हॉट्सअॅपवर बरंच काही फिरतं. पण त्यात पशुवैद्यक परिषदेसारख्या स्वतंत्र परिषदांचे नियम बाजूला पडत नाहीत, आणि पदवीशिवाय पदव्युत्तरला बसता येत नाही हे तर मुळीच बदललेलं नाही. शिवाय ७५ टक्के हजेरी. सकाळी क्लिनिक, दुपारी प्रॅक्टिकल, मध्ये पोस्टमॉर्टेम आलं तर जेवणही राहतं. तिला विचारा, खरं सांगेल.

एम.व्ही.एस्सी.मध्ये "पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य आणि साथरोगशास्त्र" असा विषयच आहे. तो घेता येतो. बरेलीजवळच्या इज्जतनगरची आय.व्ही.आर.आय. (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) त्यासाठी उत्तम. (ही संस्था मुळात १८८९ साली पुण्यात सुरू झाली. पुणेकर अजून हे कसं ऐकवत नाहीत याचं मला नवल वाटतं.)

---

सराफा_अकरानंतर

म्हणजे आधी जनावरांची डॉक्टर, मग माणसांच्या आरोग्याची मास्टर, आणि शेवटी दोघांपैकी एकही तपासायचं नाही. पगार कोण देणार ते सांगा. बाकी भिया, पशुवैद्य मिळत नाही म्हणून आमच्या गल्लीतला कुत्रा माणसांच्या डॉक्टरला चावला, हेही एक सार्वजनिक आरोग्यच.

---

मिसिसिपीकाठचा_मराठा

मूळ इंदूरचा, लोकमान्य नगर. सध्या मिनियापोलिस. पशुवैद्य नाही, पण बायको विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य विभागात काम करते, त्यामुळे ही पोरं रोज बघतो. थोडं आतलं सांगतो.

इथे एम.पी.एच. साधारण ४२ क्रेडिटची असते. जोडपदवीत त्यातली काही क्रेडिट्स पशुवैद्यकीच्या विषयांतून धरली जातात, म्हणजे तोच विषय दोन्हीकडे मोजला जातो. उरलेलं उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि ऑनलाइन. मे-जूनमध्ये काही आठवड्यांचे भरगच्च कोर्स असतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. डी.व्ही.एम.ची चार वर्षं तशीच राहतात, सुट्ट्या तेवढ्या गायब होतात. शिवाय प्रत्यक्ष कामाचा काही काळ आणि शेवटी प्रकल्प. कोणी आरोग्य खात्यात बसून वटवाघूळ चावल्याच्या नोंदी चाळतं, कोणी कत्तलखान्यातल्या साल्मोनेला जिवाणूचा हिशेब लावतं. मिनेसोटाच नाही, ओहायो स्टेट, टफ्ट्स, आयोवा अशा बऱ्याच ठिकाणी ही सोय आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला एम.पी.व्ही.एम. म्हणून प्रतिबंधक पशुवैद्यकीची वेगळीच पदवी आहे, तीही नावाजलेली.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात लिहून ठेवा. महूची पदवी घेऊन इथे नुसती एम.पी.एच. करायला आलं, तर पशुवैद्य म्हणून काम करायचा परवाना मिळत नाही. त्याला ई.सी.एफ.व्ही.जी. नाहीतर पेव्ह (परदेशी पदवीची पारख करणारे कार्यक्रम) हा वेगळा रस्ता आहे, शिवाय नेव्हली नावाची परवान्याची परीक्षा. वेळ आणि पैसा दोन्ही खाणारा. आपली बरीच मुलं एम.पी.एच.च्या व्हिसावर येतात आणि इथे आल्यावर त्यांना हे कळतं. मग कुणी डेटा अॅनालिस्ट होतं, कुणी औषध कंपनीत. वाईट नाही, पण घरून निघताना ठरवलेलं ते नसतं.

---

पेन्शनर_साथवाले

मी एम.बी.बी.एस., नंतर एम.पी.एच. जिल्हा पातळीवर साथरोग सर्वेक्षणात आयुष्य गेलं. आता निवृत्त, राजेंद्र नगरला असतो. सराफावाल्यांचा प्रश्न थट्टेचा असला तरी तोच खरा प्रश्न आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ब्रुसेलोसिस घ्या, गुरांकडून माणसांना होणारा जिवाणूंचा आजार. एखाद्या डेअरीत सातव्या-आठव्या महिन्यात गाई गाभडायला, म्हणजे गर्भ टाकायला लागतात. मालक जनावरांच्या डॉक्टरला बोलावतो. डॉक्टर रक्त घेतो, सीरमचा एक थेंब आणि गुलाबी अँटिजेनचा एक थेंब पांढऱ्या टाइलवर मिसळतो, टाइल हलवत राहतो. चार मिनिटांत दाणे धरले की कळलं. रोझ बंगाल चाचणी, अगदी स्वस्त. इथपर्यंत पशुवैद्यकी.

आता त्याच गोठ्यातला गडी. त्याला महिनाभर ताप येतो-जातो, संध्याकाळी घाम, कंबर धरलेली. तो जवळच्या दवाखान्यात जातो. तिथे विडाल चाचणी करतात, टायफॉइड म्हणून पाच-सात दिवसांच्या गोळ्या देतात. बरं वाटतं, पुन्हा ताप. त्याला कोणी विचारत नाही, बाबा रे, तू काम काय करतोस? गाय व्याल्यावर किंवा गाभडल्यावर वार (वासरामागून पडणारी नाळेची पिशवी) कोण काढतं? हाताला मोजे असतात का? या तापाला डॉक्सीसायक्लिन सहा आठवडे द्यावं लागतं, आणि तेही एकटं नाही, जोडीला रिफाम्पिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन. आठवडाभराच्या गोळ्यांनी तो नुसता दबतो.

पशुवैद्याला गाय माहीत, फिजिशियनला ताप माहीत. गाय आणि ताप एका कागदावर आणणारा माणूस कोणाच्याच आस्थापनेत नाही. एम.पी.एच. त्या कागदाचं शिक्षण आहे.

कागद म्हणजे काय, तेही सांगतो. समजा गोठ्यावर ४० माणसं आहेत. २५ जण वार हाताने काढतात, त्यातल्या १० जणांना ताप. उरलेल्या १५ पैकी ३ जणांना. पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात २० टक्के, म्हणजे दुप्पट. हे गणित पाचवीतलं आहे. अवघड काय, तर "ताप" कशाला म्हणायचं ते आधी ठरवणं, सुट्टीवर गेलेला गडी यादीत धरायचा का ते ठरवणं, बायका झाडलोट करतात पण त्यांना "कामगार" म्हणून कोणी मोजत नाही हे लक्षात येणं, आणि कच्चं दूध दोन्ही गट पितात का ते विचारणं. नाहीतर वारेला दोष देऊन मोकळे व्हाल आणि रोग दुधातून फिरत राहील.

पशुवैद्याने हे केलं तर आमच्यापेक्षा बरं होतं, हे मी डॉक्टर असून सांगतो. त्याला गोठ्यात शिरायला कोणी अडवत नाही. आम्ही गेलो की मालकाला वाटतं दूध बंद करायला आले.

अमेरिकेत हे फार आधी कळलं. जेम्स स्टील हे पशुवैद्य, १९४२ मध्ये हार्वर्डमधून एम.पी.एच. झाले आणि १९४७ मध्ये त्यांनी सी.डी.सी.त (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेत) पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्याचा विभाग उभा केला. रेबीज, ब्रुसेला, साल्मोनेला हे सगळं तिथे हाताळलं गेलं.

---

सांवेररोड_डेअरी

काका, तुम्ही माझीच गोष्ट सांगितलीत. मला दोन पावसाळ्यांच्या मधल्या काळात असाच ताप होता. एका खाजगी दवाखान्यात टायफॉइडच टायफॉइड. शेवटी आमच्या गुरांच्या डॉक्टरसाहेबांनीच सांगितलं, की साहेब एकदा ब्रुसेलाचं रक्त तपासून घ्या. निघालं. बायकोने तेव्हापासून दूध उतू गेल्याशिवाय घरात कोणाला द्यायचं नाही असा फतवा काढलाय.

आता वासरींना लस देतो. फक्त माद्यांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, एकदाच. सरकारी कार्यक्रमात फुकट आहे, २०१९ पासून. लस जिवंत असते म्हणून टोचताना सुई स्वतःला लागता कामा नये, हे डॉक्टर दरवेळी गड्यांना दटावून सांगतात. मुलगी हे शिकत असेल तर आमच्याकडे पाठवा, चहा-पोहे माझ्याकडून.

---

कास_तपासनीस

सांवेरवाले दादा, मोजे वापरता की नाही आता? नुसती लस देऊन उपयोग नाही. आणि गाभडलेलं वासरू, वार दोन्ही खड्ड्यात, वर चुना. उकिरड्यावर नाही.

---

डेली_कॉलेज_परिसर

ताईंच्या मुलीला इंदूरचंच उदाहरण द्या. डिसेंबर २०२० च्या शेवटी आमच्या इकडे डेली कॉलेजच्या आवारात कावळे पटापट मरून पडायला लागले. कोविडने आधीच सगळे टेकीला आलेले, लसही अजून सुरू व्हायची होती, आणि त्यात हे. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले, बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू निघाला. मग एकीकडे पशुपालन खात्याची माणसं पी.पी.ई. घालून मेलेले कावळे पिशवीत भरतायत आणि दुसरीकडे आरोग्य खात्याची माणसं वस्तीत सर्दी-तापाची चौकशी करतायत. आमच्या सासूबाईंनी दोघांनाही विचारलं की अंडी खायची की नाही. एकाने सांगितलं शिजवून खा, दुसरा म्हणाला साहेबांना विचारून सांगतो.

तिथे दोन्हीकडची भाषा येणारं एक माणूस हवं होतं.

---

पेन्शनर_साथवाले

नेमकं! आणि देशातला पहिला बर्ड फ्लू कुठे, तर २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. कोंबड्या मारणं, खड्डे करणं हे पशुपालनाचं. मारणाऱ्या माणसांना गोळ्या देणं आणि त्यांच्यावर दहा दिवस नजर ठेवणं हे आमचं. कामाच्या मध्यावर भिंत नव्हती, पण फाइली वेगवेगळ्या होत्या.

---

सराफा_अकरानंतर

ठीक आहे, पटलं. पण पगाराचं अजून कोणी बोललं नाही.

---

एपिडेमिऑलॉजी_एक्स

मी बोलते. बी.व्ही.एस्सी. केली (महू नाही, दुसरीकडे), मग एम.पी.एच. भारतातच. सध्या एका प्रकल्पावर काम करते, नाव नको.

चांगली बाजू: पशुवैद्यांना घेणारे एम.पी.एच. अभ्यासक्रम देशात आहेत. गांधीनगरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ इंदूरहून तशी जवळच, मुंबईला टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आहे, त्रिवेंद्रमच्या श्री चित्राचं अच्युत मेनन केंद्र तर १९९७ पासून एम.पी.एच. देतंय. साधारण दोन वर्षं. प्रत्येकाची पात्रता आणि प्रवेश परीक्षा वेगळी, अर्ज भरायच्या आधी त्या वर्षीचं माहितीपत्रक ओळ न् ओळ वाचायचं. वर्गात दंतवैद्य, परिचारिका, आयुर्वेदवाले, समाजशास्त्रवाले सगळे. पहिल्या सत्रात संख्याशास्त्रात आम्ही पशुवैद्य बरे असतो, कारण आपल्याला कळपात विचार करायची सवय असते. आरोग्य धोरण आणि समाजशास्त्रात आपटतो. मी तर "जात आणि आरोग्यसेवेची उपलब्धता" यावर पहिला निबंध लिहिताना रडकुंडीला आले होते, आयुष्यभर एम.सी.क्यू. सोडवलेले.

वाईट बाजू: आरोग्य खात्यातल्या बऱ्याच जागांना एम.बी.बी.एस. मागतात. तुमच्याकडे तेच शिक्षण असलं तरी जाहिरातीतली पहिली ओळच तुम्हाला बाहेर ठेवते. उलट पशुपालन खात्यात एम.पी.एच.ला वेगळं वजन नाही. तिथे म.प्र. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन पशु चिकित्सा सहायक शल्यज्ञ व्हायचं, त्याला बी.व्ही.एस्सी. पुरते. मधल्या जागा कंत्राटी असतात, वर्षा-वर्षाच्या. फंड संपला की नोकरी संपली. हे तोंडावर सांगणारा माणूस मला प्रवेशाच्या वेळी भेटला नाही.

तरीही मी परत हेच करीन. मात्र क्रम बदलीन. पदवीनंतर लगेच एम.पी.एच.ला न जाता वर्ष-दोन वर्षं गावपातळीवर काम करीन. आमच्या वर्गात ज्यांनी आधी फिल्ड केलं होतं, त्यांचे प्रश्न वेगळे असायचे. आम्ही पुस्तकातला लसीकरणाचा टक्का बघायचो, ते विचारायचे लस गावात पोचली तेव्हा बर्फ शिल्लक होता का. म्हणून ताई, मला अमेरिकेची जोडपदवी तितकीशी हेवा करण्यासारखी वाटत नाही. दोन्ही एकदम केलं की वेळ वाचतो हे खरं, पण विचारायचे प्रश्न अजून सुचलेले नसतात.

---

मिसिसिपीकाठचा_मराठा

यावर थोडा वाद घालतो. इथली पोरं एकदम करतात त्यामागे कर्ज आहे. पशुवैद्यकीचं कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडल्यावर कोणी पुन्हा दोन वर्षं शिकायला येत नाही, दवाखान्यात रुजू होतो आणि संपलं. आत्ता नाही तर कधीच नाही, असा तो हिशेब. तुमच्याकडे सरकारी महाविद्यालयाची फी तशी नसते, म्हणून थांबणं परवडतं.

---

एपिडेमिऑलॉजी_एक्स

हे मान्य. पैशाची बाजू माझ्या लक्षात नव्हती आली. पण आपल्याकडे कर्जाऐवजी लग्न असतं, ताईंच्या नणंदेने म्हटलंय तसं. थांबलेली मुलगी परत शिकायला जाईलच असं नाही. त्यामुळे "वर्ष-दोन वर्षं" हे घरात आधीच ठरवून, बोलून ठेवा.

---

तिसरे_वर्ष_महू

आई!!! तू माझ्याबद्दल इथे लिहिलंस आणि मला हॉस्टेलवर मैत्रिणीने दाखवलं.

असो. सगळ्यांना धन्यवाद, खरंच. कास_तपासनीस सर, पोस्टमॉर्टेममुळे जेवण राहतं हे खरं आहे, पण आलं तरी कोणाला जातंय. माझा प्रश्न असा, की एम.पी.एच. नंतर करायची तर आत्ता काय करू? आणि नागपूरचं ते वन हेल्थचं, म्हणजे माणसं आणि जनावरं यांचं आरोग्य एकत्र बघणाऱ्या संस्थेचं, काय झालं, तिथे आमच्यासारख्यांना काही असणार का?

---

कास_तपासनीस

ये गं बाई. नागपूरच्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ ला बसली. लक्ष ठेवून राहा, पण त्या भरवशावर आयुष्य आखू नको.

आत्ता करायचं ते इंटर्नशिपमध्ये. तिथे तुला वेगवेगळ्या ठिकाणी पाठवतील, आणि प्रत्येक ठिकाणी एक रजिस्टर असतं ज्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. कुत्रं चावलेल्या जनावरांचं, गाभडलेल्या गाईंचं, बाहेरून आणलेल्या बैलांचं. त्यातलं एक निवड. तारीख, गाव, जनावर, मालक काय काम करतो, एवढे चारच रकाने नीट भर. महिन्याअखेर गावांनुसार मोज. शक्य असेल तर त्याच गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन त्यांचं श्वानदंशाचं रजिस्टर बघायची परवानगी माग. सरळ मिळणार नाही, तुमच्या विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा. दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवलीस की तुझा एम.पी.एच.च्या मुलाखतीचा अर्धा तास तिथेच भरला.

---

एपिडेमिऑलॉजी_एक्स

आणि सी.डी.सी.चं साथरोगांच्या नोंदी मोजायचं एपी इन्फो सॉफ्टवेअर फुकट मिळायचं, जुन्या लॅपटॉपवरही चालायचं. चेन्नईच्या एन.आय.ई.चा (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा) संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्सही बघ. एम.व्ही.एस्सी. की एम.पी.एच. हे आत्ता ठरवू नकोस. प्रयोगशाळेत आणि खाद्यसुरक्षेत राहायचं असेल तर एम.व्ही.एस्सी., माणसांमध्ये मिसळून काम करायचं असेल तर एम.पी.एच., इतपत लक्षात ठेव. प्राध्यापक व्हायचं मनात असेल तर मात्र एम.व्ही.एस्सी.ला पर्याय नाही, तिथे एम.पी.एच.ला कोणी विचारत नाही.

---

पेन्शनर_साथवाले

बेटा, एक विचारतो. रेबीजची आधीची लस घेतली आहेस का? म्हणजे चावल्यावरची नव्हे, चावण्याआधीची.

---

तिसरे_वर्ष_महू

नाही काका. पहिल्या वर्षी कोणीतरी सांगितलं होतं, मग राहूनच गेलं. वर्गात निम्म्यांची राहिली असेल.

---

पेन्शनर_साथवाले

मग एम.पी.एच. राहू दे, आधी ती घे. ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी, तीनच डोस. गाय चारा सोडते, लाळ गाळते, मालक म्हणतो घशात काहीतरी अडकलंय, आणि इंटर्न उघड्या हाताने जबड्यात हात घालतो. हे दर पावसाळ्यात कुठे ना कुठे घडतं. आधी लस घेतलेली असेल तर नंतर संपर्क आला तरी दोनच डोस लागतात, ० आणि ३, आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. ते ऐनवेळी मिळवायला किती पळापळ होते, हे मी बघितलंय.

---

रामबागची_आई

शनिवारी घरी आली की आधी लस. मी स्वतः बरोबर जाते. सांवेरवाले दादा, डिसेंबरमध्ये परीक्षा संपली की तिला तुमच्या डेअरीवर पाठवू का? पोहे राहू द्या, रजिस्टर दाखवा.

---

सांवेररोड_डेअरी

पाठवा की. पण रजिस्टर म्हणजे आमच्याकडे गोठ्याच्या दारामागे खडूने लिहिलेलं असतं, पावसाने निम्मं पुसलंय. वहीत उतरवायचं कामही तिलाच करावं लागेल. गमबूट घेऊन यायला सांगा.

---

तिसरे_वर्ष_महू

चालेल दादा. वर्गातल्या अजून दोघींना आणते. आधी विभागप्रमुखांचं पत्र घेते. आणि आई, लसीला तू बरोबर यायची गरज नाही, आम्ही सगळ्या मिळून जाऊ.